तेलवाहिन्यांचा तळ आणि तिथले जिवाणू

2 मार्च 2006 रोजी अलास्कातल्या प्रुडो बे तेलक्षेत्रात गाडीने चाललेल्या एका कर्मचाऱ्याला तेलाचा वास आला. शोध घेतला तेव्हा 34 इंची वाहिनीतून कच्चे तेल झिरपत असल्याचे दिसले. ते बर्फाखालून दूरवर पसरलेही होते. भोक जेमतेम बदामाएवढे होते, पण गळती निदान पाच दिवस चालू होती आणि दोन लाख गॅलनांहून अधिक, म्हणजे सुमारे आठ लाख लिटर तेल टुंड्रावर सांडले होते. गळती ओळखणाऱ्या यंत्रणेने इशारा दिला नाही, कारण एकूण प्रवाहाच्या मानाने ही गळती तिच्या मर्यादेच्या आत होती. कॅरिबू हरणांना ओलांडून जाता यावे म्हणून वाहिनी एका ठिकाणी खाली उतरवून भरावातून नेली होती. त्या खोलगट भागात गाळ आणि पाणी साचले होते, आणि भोकही तिथेच, तळाशी पडले.

ही वाहिनी आखली तेव्हा प्रुडो बे भरात होते. 2006 पर्यंत उत्पादन खूप घटले होते. त्याच जाड नळातून आता कमी तेल संथपणे वाहत होते आणि तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याला व वाळूला तळाशी बसायला सवड मिळत होती. वाहिनीत 1998 नंतर पिग सोडलेला नव्हता. पिग म्हणजे तेलाच्या दाबाने नळातून सरकत जाऊन आतला गाळ ढकलून काढणारे साधन. पूर्वेकडच्या जोडवाहिनीत तर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर पिग गेलाच नव्हता. ऑगस्टमध्ये तिथेही गंज आणि गळती सापडली, आणि बीपी कंपनीने क्षेत्राचा मोठा भाग बंद करण्याचा निर्णय घेतला. गाळाखाली वाढलेल्या जिवाणूंवर पहिल्यापासून संशय होता. पुढच्या वर्षी कंपनीने फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला आणि एकूण 2 कोटी डॉलर भरले.

तेल उद्योगातल्या जिवाणूजन्य गंजाचे बहुतेक सगळे सूत्र या एका प्रकरणात सापडते. हा गंज तेलक्षेत्राच्या उतारवयात बळावतो. क्षेत्र तरुण असते तेव्हा तेल जोरात वाहते, पाणी थोडे असते, पैसा भरपूर असतो. क्षेत्र म्हातारे होते तसे पाणी वाढते, वेग कमी होतो, गाळ बसतो, आणि नेमक्या त्याच वेळी देखभालीच्या खर्चाला कात्री लागते. प्रतिबंधाची साधने जगाला माहीत आहेत, त्यातली बरीचशी साधी आहेत. अपयश येते ते साधने वेळेवर न वापरल्यामुळे. औषधांवर, म्हणजे जिवाणूनाशक रसायनांवर, गरजेपेक्षा जास्त विसंबणे हे त्याचे दुसरे कारण.

जिवाणू लोखंड खातात, असे सहज बोलले जाते. प्रत्यक्षात गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1895 मध्ये डेल्फ्ट इथे मार्टिनस बायरिंक यांनी प्राणवायूशिवाय जगणारा आणि श्वसनासाठी सल्फेट वापरणारा जिवाणू वेगळा काढला. असे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडलेल्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू. 1926 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांनी हे जिवाणू तेलविहिरींच्या पाण्यात असल्याचे दाखवले. तेलक्षेत्रात त्यांना आज सरसकट ‘एसआरबी’ म्हणतात. पण त्यांचा गंजाशी संबंध जोडला गेला तो तेलात नव्हे, तर नेदरलँड्समधल्या पाण्याच्या नळांत. चिकणमातीत पुरलेले बिडाचे नळ गंजत होते, आणि तिथे प्राणवायू जवळजवळ नव्हता. प्राणवायूशिवाय लोखंड गंजते कसे, हा प्रश्न होता. फॉन वोल्त्सोगेन क्यूर आणि व्हॅन डर फ्लुख्ट यांनी 1934 मध्ये उत्तर मांडले. लोखंड पाण्यात विरघळू लागले की त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि त्याचा थर पुढची क्रिया मंदावतो. जिवाणू हा हायड्रोजन वापरून टाकतात, त्यामुळे गंज पुढे चालू राहतो.

हे उत्तर अनेक दशके पाठ्यपुस्तकांत टिकले, पण अपुरे ठरले. एक तर हायड्रोजन सल्फाइड स्वतः पोलादावर हल्ला करतो. त्यातून बनणारे काळे आयर्न सल्फाइड विजेचे वाहक असते. ते पोलादाला चिकटून बसले की त्याच्या शेजारचे उघडे पोलाद वेगाने विरघळते आणि खोल खड्डे पडतात. शिवाय 2004 मध्ये ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये असे सागरी जिवाणू वर्णन केले, की जे हायड्रोजनची वाट न पाहता लोखंडातून थेट इलेक्ट्रॉन घेतात असे मानावे लागते. त्याच संस्थेच्या 2012 च्या कामात अशा जिवाणूंनी लोखंड वर्षाला सुमारे 0.7 मिलिमीटर झिजवल्याचे मोजले गेले. नळाची भिंत सेंटिमीटरभर जाड असेल तर हा वेग किती गंभीर आहे हे सांगायला नको. मिथेन बनवणारे काही सूक्ष्मजीवही हेच करू शकतात, हे त्यानंतर स्पष्ट झाले. त्यामुळे पाण्यात एसआरबी मोजले आणि ते कमी निघाले, म्हणजे धोका टळला, असे आता म्हणता येत नाही. आम्ल तयार करणारे, लोहाचे संयुग बदलणारे, चिकट थर बनवणारे, मिथेन बनवणारे असे अनेक एकत्र नांदतात आणि एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचे अन्न होतो.

ही वस्ती भिंतीला चिकटलेली असते. जिवाणू पोलादावर बसतात, स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा बुळबुळीत थर विणतात आणि त्याच्या आत राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या वरच्या भागातले जिवाणू उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतात, त्यामुळे खाली प्राणवायू नको असणाऱ्यांना सुरक्षित जागा मिळते. रांजण ज्यांनी घासला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी ओतून दिले, वरून तुरटी फिरवली तरी आतला बुळबुळीतपणा जात नाही, काथ्या घेऊन हात घालावा लागतो. पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या जिवाणूंना मारायला पुरेल त्याच्या दहापट ते हजारपट रसायन थरातल्या जिवाणूंना लागू शकते. प्रयोगशाळेत बाटलीत यशस्वी ठरलेले औषध वाहिनीत निकामी का ठरते, त्याचे मुख्य कारण हेच.

थर बसतो कुठे? जिथे पाणी थांबते तिथे. आडव्या वाहिनीच्या तळाशी, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी. खोलगट वळणांवर, वेल्डच्या कडेला, झडपेच्या मागच्या खिशात, बंद केलेल्या फांदीत. तेल पुरेशा वेगाने वाहत असेल तर पाणी थेंबांच्या रूपात त्यात मिसळून पुढे जाते. वेग सेकंदाला मीटरभराच्या खाली उतरला की अनेक वाहिन्यांत पाणी वेगळे होऊन तळाशी धावू लागते आणि त्याच्यासोबत वाळू, मेण, आयर्न सल्फाइडचा काळा चिखल खाली बसतो. वेगाचा नेमका आकडा तेलाच्या घट्टपणावर आणि नळाच्या व्यासावर ठरतो, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे लावणे चूक आहे. पण आराखड्यातला वेग आणि आजचा वेग शेजारी शेजारी लिहून पाहणे ही पहिली तपासणी असायला हवी. त्याला एक पैसाही लागत नाही.

न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाडजवळ 19 ऑगस्ट 2000 रोजी पहाटे जे घडले ते तेलाच्या नव्हे, नैसर्गिक वायूच्या वाहिनीत घडले. एल पासो नॅचरल गॅस कंपनीची 30 इंची वाहिनी पेकोस नदीजवळ फुटली आणि पेटली. नदीकाठी तळ ठोकून राहिलेल्या एकाच विस्तारित कुटुंबातल्या 12 जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुले होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2003 मध्ये दिलेला अहवाल या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नळ बाहेरून ठीक होता, आतून तळाशी एकमेकांत मिसळलेले खड्डे होते आणि एका जागी भिंतीचा 72 टक्के भाग गेला होता. वायूबरोबर येणारे पाणी आणि द्रव गोळा करण्यासाठी वरच्या बाजूला एक सापळा होता. तो अंशतः तुंबलेला असल्यामुळे द्रव पुढे निसटून खोलगट भागात साचत राहिले. पाणी, क्लोराइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, थोडा प्राणवायू आणि सूक्ष्मजीव असे सगळे मिळून तो गंज झाला होता. वाहिनीचा तो भाग पिग जाऊ शकेल अशा बांधणीचा नव्हता. वायू कोरडा आहे, म्हणून आतून गंज होणार नाही, हे गृहीत धरलेले होते. मला या अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की जिवाणूंना एकट्यांना दोषी धरलेले नाही. ते या टोळीतले एक आहेत. म्हणूनच त्यांना अडवण्याचा मार्ग पाणी आणि घाण अडवण्यातून जातो.

आता आपल्याकडे येऊ. ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर मुंबई हाय या तेलक्षेत्राचा शोध लावला, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे तेल समुद्रतळावरच्या सुमारे 200 किलोमीटरच्या वाहिनीतून उरणला येऊ लागले. तेल उपसले की साठ्यातला दाब घटतो. तो टिकवण्यासाठी 1984 पासून तिथे समुद्राचे पाणी साठ्यात भरले जाऊ लागले. जगातल्या बहुतेक समुद्री तेलक्षेत्रांत हेच करतात. पण समुद्राच्या प्रत्येक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ते 2.8 ग्रॅम सल्फेट असते, म्हणजे एसआरबींना श्वसनासाठी अमर्याद पुरवठा. साठ्यातल्या पाण्यात आधीपासून असलेली सेंद्रिय आम्ले त्यांचे अन्न. भरलेल्या थंड पाण्यामुळे विहिरीभोवतीचा खडकही जिवाणूंना मानवेल इतका निवतो. काही वर्षांनी, ज्या तेलात पूर्वी हायड्रोजन सल्फाइड नव्हता त्यातून तो येऊ लागतो. याला साठा ‘सावर’ होणे म्हणतात. उत्तर समुद्रातल्या अनेक क्षेत्रांनी हे भोगले आणि मुंबई हायलाही ते चुकलेले नाही. या वायूमुळे कामगाराला विषबाधेचा धोका असतो आणि पोलादालाही धोका असतो, कारण त्यामुळे हायड्रोजन पोलादात शिरून ताणाखालच्या भागाला तडे जाऊ शकतात. मुळात ‘गोड’, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नसलेल्या, वायूसाठी निवडलेले पोलाद मग अपुरे पडते.

पाणी भरण्याच्या या साखळीत प्रतिबंधाच्या अनेक जागा आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. समुद्राचे पाणी उचलताच त्यात प्लॅटफॉर्मवरच विजेच्या साहाय्याने बनवलेले हायपोक्लोराइट मिसळतात. त्याने शिंपले, शेवाळ आणि मोकळे जिवाणू आटोक्यात राहतात. मग गाळणी, मग प्राणवायू काढणारा मनोरा, आणि राहिलेला प्राणवायू टिपण्यासाठी बायसल्फाइट. आता पाण्यात प्राणवायू नाही आणि क्लोरीनही नाही, कारण बायसल्फाइट क्लोरीनलाही संपवते. म्हणजे एका गंजापासून वाचवण्यासाठी आपण पाणी एसआरबींना अगदी हवे तसे करून पुढे पाठवतो. म्हणून यानंतर जिवाणूनाशकाचा डोस द्यावा लागतो, आणि त्यातही ग्लुटाराल्डिहाइड वापरत असाल तर बायसल्फाइटशी त्याची गाठ पडून दोन्ही वाया जातात. डोसच्या वेळेपुरते बायसल्फाइट थांबवणे किंवा दोन्हींच्या जागा विचारपूर्वक ठरवणे, ही गोष्ट लहान वाटते, पण कितीतरी ठिकाणी औषधाचा खर्च इथेच वाहून जातो.

जिवाणूनाशकांची यादी फार मोठी नाही. ग्लुटाराल्डिहाइड, टीएचपीएस आणि चतुर्थक अमोनियम क्षार हे नेहमीचे, काही ठिकाणी अ‍ॅक्रोलीन, पण ते हाताळणे फार धोक्याचे. टीएचपीएसला 1997 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला, कारण ते वापरानंतर पर्यावरणात लवकर विघटित होते. शिवाय ते आयर्न सल्फाइडचा काळा थर काही प्रमाणात विरघळवते, हा मोठा फायदा. ही रसायने सतत थोडी थोडी सोडण्यापेक्षा ठराविक दिवसांनी काही तास जास्त मात्रेत सोडणे बहुधा उपयोगी ठरते. इथे एक हिशेब सांगितला पाहिजे, कारण तो नेहमी विसरला जातो. 20 किलोमीटरची वाहिनी आहे आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहते, तर रसायनाला शेवटपर्यंत पोचायला 11 तास लागतात. पण डोस एकच तास दिला असेल तर वाहिनीतल्या प्रत्येक जागेला ते रसायन सुमारे तासभरच भेटते, 11 तास नाही. वाटेत ते गाळात मुरते, तेलात जाते, अमोनिया किंवा सल्फाइडशी संयोग पावते. शेवटच्या टोकाला नमुना घेऊन रसायन किती उरले हे मोजल्याशिवाय डोस बरोबर होता असे म्हणता येणार नाही. पंपावरचा आकडा हा पुरावा नव्हे.

जिवाणूंना मारण्याऐवजी त्यांची स्पर्धा वाढवण्याचा मार्ग नॉर्वेने यशस्वी करून दाखवला. वेस्लेफ्रिक या क्षेत्रात 1999 मध्ये ग्लुटाराल्डिहाइड थांबवून भरण्याच्या पाण्यात नायट्रेट मिसळायला सुरुवात झाली. नायट्रेटवर जगणारे जिवाणू वाढले आणि तेच अन्न ते एसआरबींच्या आधी संपवू लागले. या क्रियेत तयार होणारे नायट्राइट एसआरबींच्या विकरांना अडवतेही. भिंतीवरचे एसआरबी आणि गंज दोन्ही घटले, आणि नंतर उत्तर समुद्रातल्या इतर क्षेत्रांनी ही पद्धत उचलली. तरी ती सगळीकडे आंधळेपणाने लावू नये. नायट्राइट आणि सल्फाइड एकत्र आले की मूलद्रव्य गंधक तयार होऊ शकते आणि त्याचा गंज भयंकर असतो. मात्रा कमी पडली तर अर्धवट उपचाराने पोलादाचे नुकसान वाढण्याचीच शक्यता. उत्तर समुद्रातल्या साउथ ब्रे क्षेत्राने 1988 मध्ये आणखी एक मार्ग वापरला. पडद्यांमधून गाळून समुद्राच्या पाण्यातले बहुतेक सल्फेट आधीच काढून टाकायचे. मूळ उद्देश विहिरींत बेरियम सल्फेटची खपली बसू नये हा होता, पण एसआरबींचा पुरवठाही त्याने तुटतो. प्लॅटफॉर्मवर जागा आणि वजन दोन्ही मोलाचे असल्यामुळे जुन्या क्षेत्रात हे बसवणे अवघड जाते. नव्या क्षेत्रात मात्र आराखड्यापासूनच त्याचा विचार व्हावा.

पण वाहिनीच्या बाबतीत मी पिगिंगला सर्वांत वरचे स्थान देईन. ब्रश आणि चकत्या लावलेला पिग गाळ खरवडून काढतो, तळाचे पाणी ढकलतो आणि बायोफिल्म फाडतो. त्याच्या मागोमाग जिवाणूनाशक सोडले तर ते उघड्या पोलादापर्यंत पोचते. आधी रसायन आणि महिन्याभराने पिग, हा क्रम उलटा आहे. किती दिवसांनी पिग सोडायचा, याचे उत्तर पंचांगात नाही, पिगने बाहेर आणलेल्या मालात आहे. काळा चिखल दर वेळी जास्त निघत असेल तर अंतर कमी करायचे. तो चिखल फेकून देऊ नये. त्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फाइड आहे हे जागेवरच कळते. फक्त वास घेणाऱ्याने वायूचा धोका ओळखून योग्य काळजी घेतली पाहिजे.

अडचण आहे ती पिग जाऊ न शकणाऱ्या वाहिन्यांची. व्यास मध्येच बदलणारे, तीव्र वळणांचे, पिग सोडण्याची आणि पकडण्याची सोयच नसलेले नळ. अशा वाहिन्या जगभर आहेत आणि त्या बहुतेक जुन्या आहेत. त्यांच्यासाठी वेग वाढवून वाहिनी धुणे, खोलगट जागांचा हिशेब करून तिथेच अल्ट्रासोनिक जाडी मोजणे, वापरात नसलेल्या फांद्या कापून टाकणे हे उपाय उरतात. बंद फांदी तशीच ठेवणे म्हणजे जिवाणूंसाठी पाळणाघर उघडणे.

नेमके काय चालले आहे हे कळायचे कसे? कितीतरी दशके एकच उत्तर होते: पोषक द्रव्याच्या बाटल्यांत पाण्याचा नमुना दहा-दहा पटींनी पातळ करत घालायचा, 28 दिवस ठेवायचा, ज्या बाटल्या काळ्या पडतील त्यांवरून एसआरबींची संख्या ठरवायची. ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉन पोस्टगेट यांचे माध्यम यासाठी प्रसिद्ध आहे. पद्धत स्वस्त आहे, प्लॅटफॉर्मवर करता येते. पण नमुन्यातल्या सूक्ष्मजीवांचा अगदी लहान हिस्साच बाटलीत वाढतो, आणि महिन्याने आलेले उत्तर महिन्यापूर्वीचे असते. आता एटीपी हा जिवंत पेशींतला ऊर्जावाहक रेणू मोजून काही मिनिटांत एकूण जिवंत वस्तीचा अंदाज येतो, आणि डीएनएवरून कोण किती आहेत हे कळते. ही साधने महाग राहिलेली नाहीत. तरीही नमुना कुठून घेतला हा प्रश्न साधनापेक्षा मोठा आहे. पाण्यात मोकळे फिरणारे मोजून भिंतीवरची अवस्था कळत नाही. त्यासाठी वाहिनीच्या तळाशी, पाण्याच्या संपर्कात राहतील असे पोलादाचे कूपन, म्हणजे चाचणीचे छोटे तुकडे, लावावे लागतात आणि काढून तपासावे लागतात. नळाच्या वरच्या बाजूला लावलेले कूपन तेलात बुडून राहते आणि वर्षानुवर्षे चकचकीत निघते.

उलट बाजूचा दोषही सांगायला हवा. खड्डा दिसला, जिवाणू सापडले, म्हणजे जिवाणूंनीच खड्डा केला, असे निष्कर्ष आजही अहवालांत येतात. जिवाणू सगळीकडे असतात. खड्ड्याच्या आकारावरून त्यांचा सहभाग सिद्ध होत नाही. रसायन, धातुशास्त्र, सूक्ष्मजीव आणि वाहिनी कशी चालवली गेली याचा इतिहास, हे चारही पुरावे एकमेकांना दुजोरा देत असतील तरच तसे म्हणावे. एकूण गंजापैकी 20 टक्के जिवाणूंमुळे होतो, हा आकडा सगळीकडे छापला जातो. त्यामागे भक्कम मोजणी नाही आणि तो मी वापरणार नाही. एकूण गंजाचा आकडा मात्र घेता येतो. नेस (NACE) या गंजविषयक संस्थेने 2016 मध्ये जगाचा वार्षिक खर्च 2.5 लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या 3.4 टक्के, असा मांडला. भारतासाठी तो 4.2 टक्के होता.

बाहेरून होणारा हल्ला वेगळ्या रीतीने रोखला जातो. पुरलेल्या नळावर लेप असतो आणि त्याच्या जोडीला कॅथोडिक प्रोटेक्शनचा विद्युतप्रवाह. साधारण जमिनीत नळाचे विभव तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे 850 मिलिव्होल्ट पुरते, पण प्राणवायूहीन, एसआरबी असलेल्या मातीत ते उणे 950 पर्यंत न्यावे लागते. खरी फसगत लेप सुटल्यावर होते. सुटलेल्या टेपच्या आत पाणी शिरते, विद्युतप्रवाह मात्र टेप अडवते, आणि वरून मोजलेले आकडे निर्दोष दिसतात. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलिसो कॅनियन वायूसाठ्यात तर विहिरीचे 7 इंची केसिंगच, म्हणजे विहिरीतला पोलादी नळच, बाहेरून, भूजलाच्या संपर्कात, सूक्ष्मजीवांच्या गंजाने खचले. ऑक्टोबर 2015 पासून फेब्रुवारी 2016 पर्यंत सुमारे 97 हजार टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. विहीर 1950 च्या दशकातली होती. 2019 च्या चौकशी अहवालात मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा उल्लेख आहे.

नवी वाहिनीही सुरक्षित नसते. बांधून झाल्यावर ती पाण्याच्या दाबाने तपासतात, आणि ते पाणी आत राहून गेले तर तेल वाहण्यापूर्वीच खड्डे पडू शकतात. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि नळ असे काही आठवड्या-महिन्यांत वाया गेल्याची उदाहरणे गंजशास्त्रात प्रसिद्ध आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातले बांधकाम पावसाळ्यात थांबते, त्यामुळे मे महिन्यात तपासलेली वाहिनी जोडणी राहिली तर चार महिने तशीच पाण्याने भरून पडू शकते. ते पाणी गाळलेले, प्राणवायू टिपलेले आणि जिवाणूनाशक घातलेले असेल, आणि ती मात्रा तीन आठवड्यांसाठी नव्हे तर पूर्ण पावसाळ्यासाठी काढलेली असेल, याची लेखी खात्री हवी. साठवण टाक्यांचे सांगायचे तर तळाचे पाणी नियमित काढणे हाच उपाय. केरोसीन आणि विमानाच्या इंधनात बुरशीसुद्धा याच पाण्यावर वाढते.

शुद्ध केलेल्या इंधनाच्या वाहिन्यांत वेगळाच प्रकार आढळला. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी उत्तर-पश्चिम भारतातल्या डिझेलवाहिनीतून काढलेले जिवाणू तपासले. तिथल्या जिवाणूंनी इंधनाचे आणि गंजरोधक म्हणून मिसळलेल्या इन्हिबिटरचेही विघटन केले होते. संरक्षणासाठी घातलेले रसायन अन्न झाले. इन्हिबिटर निवडताना स्थानिक जिवाणू ते खातात का, ही चाचणी व्हायला हवी. ती फारशी महाग नाही.

पोलाद बदलण्याचा मार्ग थोडक्यात सांगतो. काचतंतूंचे इपॉक्सी नळ आणि पोलादी नळात घातलेले प्लॅस्टिकचे अस्तर पाण्याच्या वाहिन्यांत चांगले टिकते. 316 जातीचे स्टेनलेस स्टील जिवाणूंपासून सुरक्षित नाही, टायटॅनियम जवळजवळ आहे. तांबे मिसळलेल्या जिवाणूरोधक पोलादावर चीनमध्ये जोरात काम चालू आहे. डी-अमिनो आम्लांनी बायोफिल्म सैल करून जिवाणूनाशकाची मात्रा घटवण्याचे प्रयोग, जिवाणूंना मारणाऱ्या फेज विषाणूंचा वापर, हे सगळे अजून प्रामुख्याने प्रयोगशाळेत आहे. त्यांची वाट पाहत पिगिंग पुढे ढकलणे परवडणारे नाही.

मुंबई हाय आता पन्नाशी ओलांडलेले क्षेत्र आहे. तेलाबरोबर येणारे पाणी वाढलेले आहे. ओएनजीसी समुद्रतळावरच्या जुन्या वाहिन्या टप्प्याटप्प्याने बदलत आहे, पनवेलमध्ये तिची समुद्री अभियांत्रिकीची स्वतःची संस्था आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये या क्षेत्राचे उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवा पुरवणारी कंपनी म्हणून बीपीची निवड झाली आहे. उत्पादन किती वाढले हा आकडा वर्तमानपत्रांत येईल. त्यासोबत आणखी काही आकडे मागायला हवेत. किती किलोमीटर वाहिन्यांत पिग जातो आणि किती किलोमीटरमध्ये नाही, आराखड्यापेक्षा निम्म्याहून कमी वेगाने किती वाहिन्या चालतात, बंद फांद्या किती आहेत. बदलून बाजूला केलेल्या प्रत्येक जुन्या वाहिनीचा खोलगट भागातला एक तुकडा कापून किनाऱ्यावर आणावा, त्याचा तळ, गाळ आणि सूक्ष्मजीव तपासावेत आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. कार्ल्सबाडचा अहवाल जगभरच्या अभियंत्यांना उपयोगी पडला तो खुला होता म्हणून. नव्या वाहिनीच्या निविदेत पिग सोडण्याची आणि पकडण्याची सोय, तसेच तळाशी कूपन लावण्याच्या जागा पहिल्या पानापासून लिहिलेल्या असाव्यात. वाहिनी समुद्रतळावर बसल्यानंतर त्या जोडायच्या तर गोताखोर, जहाज आणि उत्पादनबंदी असा तिहेरी खर्च येतो, आणि घटत्या उत्पादनाच्या काळात तो मंजूर होणे फार कठीण असते.